प्रतारणेच्या गीतांतील दोषाचा धनी
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



प्रतारणा आणि घातक मोह हे स्पॅनिश गीतांचे जुनेच भांडवल आहे. मेक्सिकोच्या आल्बेर्तो दोमिंगेसने १९३९च्या सुमारास रचलेले ‘पेर्फिदिया’ हे प्रतारितांचे गाऱ्हाणे जगभर गेले. पण त्या भाषेच्या सख्ख्या बहिणीची लेक आपल्या शेजारीच नांदते आहे. रेवदंड्यासमोर, कुंडलिकेच्या मुखाशी असलेल्या कोर्लईवरून १७४० साली फिरंग्यांचा अंमल उठला, किल्ला मराठ्यांच्या दप्तरी जमा झाला, तरी तेथील ख्रिस्ती वस्तीच्या तोंडी पोर्तुगीजपासून निपजलेली बोली राहून गेली. तिच्यातील एका गीतात मारिया मादुलेना नामक स्त्रीला शापित आणि सुंदर अशी दोन्ही संबोधने एकापाठोपाठ मिळतात. म्हणजे मोह ज्याला पडला तो निर्दोष, आणि सगळी फिर्याद रूपावर!

आमच्या लावणीने ही फिर्याद फार निराळ्या रीतीने चालविली. पेशवाईतील शिलेदार मोहिमेवर, घरी त्याची तरुण स्त्री. तिचे मन चळले तर शाहीर तिला शाप देत नाही, तिच्याच तोंडून तिची तळमळ वदवितो. १९५९च्या ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटातील गदिमांची, वसंत पवारांच्या चालीवर आशाबाईंनी गायलेली बुगडीची लावणी घ्या: साताऱ्याच्या वाटेवर कानातला दागिना हरवलेल्या त्या नायिकेला पापाची भीती नाही, धास्ती आहे ती कोणी चहाडी करील याची. मला हा प्रकार अधिक प्रामाणिक वाटतो. मात्र हेही विसरता येत नाही, की स्त्रीचा हा निर्भय स्वर बहुधा पुरुषांनी रचला आणि पुरुषांच्याच बैठकीसाठी रचला. उलट १९७२च्या ‘पिंजरा’ या चित्रपटात मोहाचा दंड खुद्द मोहात पडलेल्या मास्तरांनाच भरावा लागतो, अर्थात त्या कथेची मूळ प्रेरणा ‘ब्लू एंजल’ या जर्मन बोलपटाची.

गीताबाहेर काय घडले? रेठरे हरणाक्ष गावचे श्रीधर कुलकर्णी घरदार, जात आणि वतनाची प्रतिष्ठा सोडून तमाशात शिरले, पठ्ठे बापूराव झाले, आणि महार समाजात जन्मलेल्या पवळेच्या संगतीने त्यांच्या फडाने महाराष्ट्र गाजविला. ब्राह्मणाने केवढा त्याग केला, याचे कौतुक आजही ऐकू येते. पवळेने काय सोडले, काय सोसले, याची विचारपूस करणारे मात्र विरळा. लावणीने स्त्रीला शापमुक्त केले खरे, पण लावणी नाचून दाखविणारीला समाजाने ती सवलत दिली नाही.

ही विचारपूस कोर्लईत मात्र अजून करता येईल. तेथील ती बोली बोलणारे आज जेमतेम हजाराच्या आसपास उरले आहेत. आपल्यापैकी ज्यांचे तिकडे येणेजाणे आहे, त्यांनी तेथील वृद्ध स्त्रियांकडून ही गाणी उतरवून घ्यावीत, आणि मादुलेनाविषयी त्यांचे स्वतःचे मत काय, तेही आवर्जून विचारावे.