आई-बाबांना अंदमानला नेताय? आधी हरभऱ्याचं विचारा



आजचा विषय म्हणजे नोकरी लागली, हातात थोडे पैसे आले, की आपल्या सगळ्यांच्या मनात येणारी गोष्ट. आई-बाबांना विमानात बसवायचं आणि समुद्र दाखवायचा. आम्ही अंदमान केलं. मी पुण्याला, बहीण बंगळुरूला आणि आई-बाबा सुलतानपूरला, म्हणजे आपल्या बुलडाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यात. हॉटेलांचे व्हिडिओ यूट्यूबवर ढीगभर आहेत. मी आज बोलणार आहे ते मोठी झालेली मुलं आणि त्यांचे आई-बाबा सहा दिवस एकत्र राहतात, तेव्हा नेमकं काय होतं त्यावर.

सुरुवात तारखेपासून. आपण तारीख बघतो विमानाच्या सेलवर. शेतकऱ्याच्या घरी तारीख पीक ठरवतं. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, मग हरभऱ्याची पेरणी, डिसेंबर-जानेवारीत तूर. बाबांना विचारलं तर ते "पैसे नाहीत" किंवा "वेळ नाही" म्हणाले नाहीत. म्हणाले, "हरभऱ्याची जागल कोण करंल?" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, रानडुकरं आणि रोही रात्रीतून उभं पीक साफ करतात, म्हणून शेतात रात्र काढावी लागते. त्यामुळे आम्ही तिकिटाआधी जागलीला माणूस ठरवला. तूर घरात आल्यावर, जानेवारीच्या शेवटी निघालो. तेव्हा अंदमानातही पाऊस सरलेला असतो. आईचं "मले काही नको, तुमीच जाऊन या" सुरू होतंच. ते ऐकून प्लॅन रद्द करू नका. त्यामागची अडचण शोधा. आमच्याकडे ती गुडघ्याची होती.

आता पैसे. तिकीट बारा हजारांचं असलं तरी "ऑफरमध्ये तीन हजारांत मिळालं" असं सांगायची आपल्याकडे फॅशन आहे. आम्ही तसं केलं नाही. घरीच एकदा सगळा हिशेब समोर ठेवला आणि बाबांना सांगितलं, की चहा-नाश्ता आणि नारळपाण्याचा खर्च तुमच्याकडे. त्यांनी खिशातल्या डायरीत रोजचा हिशेब लिहिला. कारण असं, की ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवलं, त्याला अचानक पाहुणा केलं की तो गप्प होतो. जेवायला काय मागवू विचारलं तर "काही बी" म्हणतो. हातात थोडा कारभार असला, की तोच माणूस नारळवाल्याशी घासाघीस करतो आणि खुशीत असतो.

तिसरं म्हणजे घड्याळ. अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला आहे, पण घड्याळ आपलंच. त्यामुळे जानेवारीअखेर तिथं साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. आपल्याकडे तेव्हा अजून चांगलं ऊन असतं. आपल्यासारख्या रात्री दोनला झोपणाऱ्यांची पंचाईत, पण पहाटे उठणाऱ्या आई-बाबांना ते बेट बरोबर जमतं. म्हणून दिवस त्यांच्या घड्याळाने चालवा. सकाळी एक ठिकाण बघायचं आणि दुपार मोकळी सोडायची. श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, तिथून स्वराज द्वीपला, जुन्या हॅवलॉकला, बोटीने जातात. बोट हलते, त्यामुळे उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्या. बीपीच्या गोळ्या आणि मूळ आधार कार्ड हातातल्या बॅगेत. आणि आईला आधीच सांगा, किनाऱ्यावरचे शंख-शिंपले, प्रवाळ उचलून आणायला मनाई आहे.

लोणार आमच्या जवळच, त्यामुळे खारं पाणी आई-बाबांना नवीन नव्हतं. पण लोणारच्या सरोवराचा काठ चारही बाजूंनी दिसतो. राधानगर बीचवर आई बराच वेळ समोर बघत उभी राहिली आणि म्हणाली, "याले पल्याड काठच नाही."

सेल्युलर जेलला सकाळीच जा, ऊन वाढायच्या आत. सात शाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. तिथं आम्हाला एक गोष्ट लागली. सावरकर 1911 मध्ये या जेलमध्ये आले. मोठे भाऊ बाबाराव आधीपासून तिथंच होते. पत्नी यमुनाबाई आणि धाकटे भाऊ नारायणराव यांची भेट झाली ती 1919 मध्ये. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी त्या भेटीची वाट बघत त्याआधीच गेल्या. आपल्या माणसाला भेटायला याच बेटावर यायचं, आणि परवानगीसाठी वर्षं मोजायची! हे वाचल्यावर "लीव्ह अप्रूव्ह होत नाही यार" हे वाक्य मला तरी पुन्हा सहज म्हणता येणार नाही.

आता मुख्य मुद्दा. दिवाळीला आपण चार दिवस घरी जातो, पण आई चुलीपाशी आणि बाबा पाहुण्यांत. रोजच्या फोनवर "सगळं बरं हाये". बेटावर आईला स्वयंपाकघर नव्हतं आणि बाबांना शेत नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी, काहीच प्लॅन नसताना, चहा पिता पिता बाबा म्हणाले, "पुढच्या साली वावर बटईनं द्यावं म्हणतो. रातच्या जागलीनं आता डोळे साथ देत नाहीत." आई तेव्हा हळूच म्हणाली, की ते एकदा रात्री बांधावरून पडलेही होते. आम्हाला दोघांनाही हे माहीत नव्हतं. मग तिथंच बसून बोललो. बटई कुणाला द्यायची, डोळे कुठं दाखवायचे, घरखर्चात आम्ही दोघं किती टाकायचं. बाबांनी त्याच डायरीत सगळं लिहून घेतलं. आल्यावर तपासणी झाली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एकाचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात.

त्या दुपारी आम्ही स्कूबाचं बुकिंग केलं असतं तर फोटो भारी आले असते. पण हे बोलणं झालं नसतं.

म्हणून अंदमानच पाहिजे असं नाही. बजेट नसेल तर तारकर्ली करा, दोन दिवस करा. फक्त एक दुपार पूर्ण रिकामी ठेवा आणि त्या दुपारी मोबाईल खोलीतच राहू द्या.

तुमच्या घरी कुणाची जागल अडते, कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा, आणि आज घरी फोन लावाल तेव्हा "जेवलात का" च्या पुढचा एक प्रश्न विचारा.