खांबावरचा सूर



दारव्ह्याच्या मैदानांवर खो-खो कोण खेळलं नाही?
गुडघे तर सगळ्यांनीच फोडून घेतले.

आज एकच गोष्ट सांगतो.
गडी टिपण्याची रीत कशी बदलली.

आधी सगळा भर पायांवर.
पाठलाग करायचा.
हुलकावणी द्यायची.
नेमक्या क्षणी खो द्यायचा.

मग आला सूर.
पळता पळता अंग पुढे झोकायचं,
हात लांबवायचा.

त्यातला अवघड, खांबावरचा सूर.
एका हाताने खांब धरायचा.
अंग आडवं सोडायचं.
आणि खांबाजवळून निसटणारा गडी टिपायचा.
बघणाऱ्याचाच श्वास अडकतो!

मातीवर हे करायला छाती लागायची.
कोपर सोलून निघायचं.
आता मोठे सामने मॅटवर होतात.
म्हणून सूरही वाढले.

नियमांनीही रीत बदलली.
२०२२ साली अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली.
तिथे त्या वर्षी साध्या स्पर्शाला दोन गुण होते.
सूर मारून टिपलं, तर तीन.
मग कोण नुसतं पळेल?






जानेवारी २०२५.
दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला.
भारताचे दोन्ही संघ जिंकले.
कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे.
दोघेही आपल्या महाराष्ट्राचे.

मुलांनो, गडी टिपण्याची रीत बदलली खरी,
पण सूर आधी मऊ मातीवर शिका.
आणि सर जवळ असतानाच.