मामाचे जुलाब आणि माझा पीएचडीचा विषय

आजची गोष्ट माझ्या घरातली आहे आणि थोडी लॅबमधलीही.

माझ्या मामाला किडनीचा कॅन्सर निघाला. पसरलेला होता, म्हणून इम्युनोथेरपी सुरू झाली, दोन औषधं एकत्र. सात आठवड्यांनी त्याचा फोन आला. "अगं, चार दिवस पोट बिघडलंय. दिवसातून सात-आठ वेळा जावं लागतंय." मी म्हटलं, "बाहेरचं काही खाल्लंस का? ओआरएस घे, ताकभात खा." आणि फोन ठेवला.

आता ऐका. याच औषधांचे साइड इफेक्ट हा माझा पीएचडीचा विषय आहे.

केमोची औषधं वेगाने वाढणाऱ्या पेशींना थेट मारतात. ही औषधं कॅन्सरला हातही लावत नाहीत. आपल्या रक्तात टी पेशी असतात, शरीराचे शिपाईच म्हणा. त्यांना सीटीएलए-४ आणि पीडी-१ नावाचे ब्रेक असतात. औषध हे ब्रेक सोडवतं, मग शिपाई कॅन्सरवर तुटून पडतात. या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. यातलं पहिलं औषध, इपिलिमुमॅब, अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झालं.

पण ब्रेक मुळात होते कशासाठी? शिपायांनी आपल्याच घरावर हल्ला करू नये म्हणून! याची सूचना उंदरांनी आधीच दिली होती. १९९५ मध्ये सीटीएलए-४ नसलेले उंदीर तयार केले, ते तीन-चार आठवड्यांत मेले. त्यांच्या हृदयात, स्वादुपिंडात टी पेशी घुसल्या होत्या. होंजोंच्या लॅबमध्ये पीडी-१ काढून टाकलेल्या एका जातीच्या उंदरांना सांधे आणि किडनीचा आजार झाला, तर दुसऱ्या जातीच्या उंदरांचं हृदय निकामी झालं. ब्रेक तोच, पण उंदराची जात बदलली की आजार बदलला.

माणसांतही तसंच होतं. कुणाला पुरळ, कुणाचं थायरॉइड बिघडतं, कुणाचं आतडं, फुफ्फुस, लिव्हर सुजतं. २०१६ मध्ये दोन रुग्णांची नोंद छापून आली. दोघं हृदयाच्या सुजेने गेले होते. त्यांच्या हृदयात आणि गाठीत टी पेशींचे काही गट अगदी तेच सापडले! हे शिपाई हृदयात नेमकं काय शोधत होते? २०२२ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासातून एक उत्तर आलं: हृदयाच्या स्नायूतलं अल्फा-मायोसिन नावाचं प्रथिन. ते ओळखणाऱ्या टी पेशी रुग्णांमध्येही मिळाल्या. हृदयाचा त्रास शंभरात एकालाही होत नाही, पण झाला तर जिवावर बेततो. कुणाला काय होईल हे आधी ओळखता यावं, यासाठीच आमची सगळी धडपड.

हे सगळं मला पाठ होतं. तरी फोनवर मी पेशंटची नाही, मामाची भाची होते. रात्री झोप लागेना. सकाळी फोन केला तर कळलं, जवळच्या दवाखान्यात गेला होता. तिथे अँटिबायोटिक मिळालं आणि "केमोत व्हायचंच हे" असं ऐकून आला. मी जवळजवळ ओरडलेच, "मामा, तुझी केमो नाहीये! आत्ताच्या आत्ता कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन लाव."

आतड्याला सूज होती. त्याला अ‍ॅडमिट केलं, स्टिरॉइड सुरू झाले, मग कित्येक आठवडे हळूहळू कमी केले. मामा सावरला. पण अजून दोन-तीन दिवस ताकभातावर काढले असते तर आतड्याला भोक पडण्याचीही भीती होती.

म्हणून तुमच्यासाठी एवढंच. घरात कुणाला इम्युनोथेरपी चालू असेल, तर औषधाचं नाव आणि कॅन्सरच्या डॉक्टरांचा नंबर आज मोबाइलमध्ये सेव्ह करा. कुठल्याही दवाखान्यात पहिलं वाक्य हेच: "केमो नाही, इम्युनोथेरपी चालू आहे." जुलाब, धाप, छातीत दुखणं, पुरळ, डोळे पिवळे होणं, कधी नव्हे असा थकवा, यातलं काहीही अंगावर काढू नका. औषध थांबल्यावर कित्येक महिन्यांनीही हा त्रास उद्भवू शकतो. आणि मनाने गोळ्या घेऊही नका, बंदही करू नका.

मामा हा एपिसोड ऐकणार आहे. मामा, ताकभाताबद्दल सॉरी. भेटू पुढच्या भागात!