लॅपटॉप सुरू होत नाही, तेव्हा



लॅपटॉप सुरूच झाला नाही तर काय करावं, हा आजचा विषय. मोठमोठ्या सामाजिक प्रश्नांवर बोलणाऱ्या आपल्या बैठकीत तो जरा किरकोळ वाटेल. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी लॅपटॉप एकच असतो. तो कुणाच्या तरी भिशीतून नाहीतर अम्मीच्या बचतीतून आलेला असतो. त्यावरच भावाचा प्रोजेक्ट, बहिणीचा स्कॉलरशिपचा फॉर्म आणि अब्बांच्या दुकानाचे हिशोब चालतात. तो बंद पडला की घरातल्या चार जणांची कामं अडतात.

सुरुवात माझ्या एका चुकीने करतो. माझी खालाजाद बहीण एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. प्रबंध द्यायला सहा दिवस उरले असताना तिचा लॅपटॉप उघडेना. निळ्या पानावर काहीतरी मागत होता. तिने मला फोन केला, "भाईजान, दुकानदार म्हणतोय फॉरमॅट करावं लागेल. करू का?" मी मीटिंगमध्ये होतो. नेमकं काय दिसतंय, हेही विचारलं नाही. म्हणालो, "करून टाक." दुसऱ्या दिवशी कळलं की ते पान अठ्ठेचाळीस आकड्यांची एक किल्ली मागत होतं. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला होता दमामला असणाऱ्या तिच्या भावाच्या ईमेलवर, आणि किल्ली त्याच्याच खात्यात होती. त्याने ती पाच मिनिटांत शोधून पाठवली. तोपर्यंत चार महिन्यांचं काम पुसलं गेलं होतं. गाईडला पाठवलेल्या पीडीएफवरून तिने निम्मा प्रबंध पुन्हा टाइप केला. खानदानातला इंजिनिअर मी. एक प्रश्न विचारला असता तर ते काम वाचलं असतं.

तो प्रश्न असा : लॅपटॉप नेमका कुठपर्यंत पोचून थांबतो?

हा प्रश्न आपल्या शहराला नवा नाही. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली आणि डोंगराकडचं पाणी जमिनीखालून वस्तीत आणलं. ती नहर-ए-अंबरी. पाणचक्कीलाही पाणी असंच कित्येक किलोमीटर मातीच्या नळांतून येतं. अशा नहरीचं पाणी आटलं तर कुणी सगळी नहर खोदून काढत नाही. एका मॅनहोलमध्ये डोकावायचं. इथे पाणी आहे? मग पुढच्यात बघायचं. तिथे नाही? मग बिघाड या दोघांच्या मध्ये आहे. लॅपटॉपही असाच तपासायचा. त्याचे टप्पे चार : वीज, पडदा, डिस्क आणि शेवटी विंडोज.

पहिला टप्पा, वीज. बटण दाबल्यावर दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही, काहीच नाही. अशा वेळी आधी दुसरा सॉकेट बघा, मग चार्जर. चार्जर दुसऱ्याचा लावून बघणार असाल तर त्यावरचं लेबल वाचा. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. नंतर चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. आत अडकलेला चार्ज निघून जातो. आता नुसता चार्जर लावून सुरू करा. कितीतरी 'मेलेले' लॅपटॉप एवढ्यावर उठतात. एक इशारा : टचपॅड वर आला असेल किंवा खालचं झाकण फुगलं असेल तर बॅटरी फुगली आहे. ती दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. तसाच दुरुस्तीला न्या.

दुसरा टप्पा, पडदा. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा. लॅपटॉप चालू असेल आणि फक्त दिसत नसेल, असंही होतं. अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पडद्यावर मारा. अंधुक चित्र दिसलं तर बॅकलाइट गेला आहे. एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडा. टीव्हीवर दिसलं तर तुमची माहिती शाबूत आहे, बिघाड पडद्याचा किंवा त्याच्या वायरचा. कुठेच दिसत नसेल आणि लॅपटॉप बीप करत असेल किंवा कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल, तर तो तुम्हाला काहीतरी सांगतोय. किती वेळा, ते मोजा आणि त्या मॉडेलच्या माहितीत अर्थ शोधा. बऱ्याचदा रॅम सैल झालेली असते. ती काढून, टोकं हलक्या हाताने पुसून पुन्हा नीट बसवली की काम होतं. मात्र आधी चार्जर काढा आणि बॅटरी सोडवा.

तिसरा टप्पा, डिस्क. कंपनीचा लोगो येतो, पण पुढे 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असं काही येतं. सुरू करताना एफ टू, एफ टेन किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये जा. कोणती कळ, ते कंपनीनुसार बदलतं. तिथल्या यादीत डिस्कचं नाव दिसतंय का बघा. दिसत नसेल तर डिस्क सैल आहे किंवा गेली आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर लॅपटॉप लगेच बंद करा. चालू ठेवाल तेवढी वाचवता येण्यासारखी माहितीही जाईल.

चौथा टप्पा, विंडोज. लोगो येतो, गोल फिरत राहतो किंवा निळं पान येतं. मशीन ठीक आहे, बिघाड सॉफ्टवेअरमध्ये असण्याची शक्यता जास्त. लोगो दिसताच बटण दाबून बंद करा. असं सलग तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचं पान उघडतं. अपडेट चालू असताना मात्र हे करू नका. त्या पानावर स्टार्टअप रिपेअर आहे, शेवटचं अपडेट काढायची सोय आहे आणि सेफ मोड आहे. सेफ मोडमध्ये विंडोज फक्त गरजेपुरत्या गोष्टी घेऊन उठतं.

सेफ मोडची ताकद जगाने 19 जुलै 2024 ला पाहिली. शुक्रवार होता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी एक छोटी फाइल जगभर पाठवली. सॉफ्टवेअरकडे माहितीच्या वीस नोंदी होत्या, फाइल एकविसावी वाचायला लावत होती. विंडोज कोसळलं आणि सुरू होताना पुन्हा पुन्हा कोसळत राहिलं. कंपनीने 78 मिनिटांत फाइल मागे घेतली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने तोवर 85 लाख मशीनना फटका बसला होता. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्यावरचा उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जा, ती एक फाइल पुसा, पुन्हा सुरू करा. फॉरमॅट नाही, मदरबोर्ड बदलणं नाही. पण ज्यांच्या डिस्कला बिटलॉकरचं कुलूप होतं, त्यांना आधी ती अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली शोधावी लागली. बहिणीच्या लॅपटॉपने मागितलेली किल्ली हीच. बायोस अपडेट झाल्यावरही तो ती मागू शकतो. किल्ली आहे तर सगळं आहे, नाही तर कुणीच उघडू शकत नाही.

म्हणून फॉरमॅटला 'हो' म्हणण्याआधी थांबा. कुलूप नसेल तर आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबंटू घेऊन, काहीही इन्स्टॉल न करता, त्यावरून लॅपटॉप उठवता येतो आणि फाइली दुसरीकडे काढून घेता येतात.

आता दुरुस्तीला देण्याबद्दल. मी दुकानदारांच्या विरोधात बोलत नाही. कॅनॉटला किंवा पैठण गेटला तासन् तास मान खाली घालून बसणाऱ्या कारागिरांकडून मी स्वतः शिकलो आहे. पण लॅपटॉपमध्ये आपले आणि घरच्यांचे फोटो असतात, आधार असतं, बँकेचे कागद असतात. ती अमानत आहे, आणि तिची काळजी आधी आपण घ्यायची. खास करून मुलींना सांगतो, फोटोंच्या भीतीने बंद लॅपटॉप कपाटात ठेवून अभ्यास सोडू नका. बिघाड पडद्याचा, कीबोर्डचा किंवा चार्जिंगचा असेल तर एसएसडी काढून घरी ठेवा आणि मग लॅपटॉप द्या. अनेक मॉडेलमध्ये ती एका स्क्रूवर असते. पासवर्ड गरज असेल तरच सांगा, काम झाल्यावर बदला. पावतीवर मॉडेल, सीरियल नंबर, सांगितलेला बिघाड आणि अंदाजे खर्च लिहून घ्या. 'माझ्या परवानगीशिवाय फॉरमॅट करू नये' हे वाक्यही लिहायला सांगा. बदललेला जुना भाग परत मागा. बिल असेल आणि फसवणूक झाली असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. बिल मागणं म्हणजे भांडण नाही.

आणि दुकानात गेल्यावर 'लॅपटॉप खराब झालाय' असं म्हणू नका. 'दिवा लागतो, टीव्हीवर दिसतं, लॅपटॉपवर दिसत नाही' असं सांगा. जो नेमकं सांगतो, त्याला सहजासहजी मदरबोर्डचा खर्च सांगितला जात नाही.

आज घरी गेल्यावर दोनच कामं करा. पहिलं, मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन बिटलॉकरची किल्ली बघा आणि कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवा. खातं कुणाच्या ईमेलवर आहे, तेही लिहा. दुसरं, महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक ऑनलाइन ठेवा. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवायची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. बॅकअप म्हणजे उंट बांधणंच आहे.

बहिणीचा प्रबंध शेवटी वेळेत गेला. सहाही रात्री ती जागली. नंतर तिने मला एवढंच म्हटलं, "भाईजान, पुढच्या वेळी आधी विचारा, काय दिसतंय?" तेव्हापासून कुणाचाही फोन आला की मी आधी तेच विचारतो.