उमेदवाराचे गणित आणि यंत्राचे गणित



टर्नर, फिटर किंवा मशिनिस्ट म्हणून कारखान्यात रुजू होऊ इच्छिणाऱ्या तरुणाच्या गणिताची जी परीक्षा आपण घेतो, ती त्याच्या पुढील कामास कितपत धरून असते, याचा विचार आज या परिषदेत व्हावा, अशी परिषदेचा अध्यक्ष म्हणून माझी इच्छा आहे.

परीक्षाच नको, असे मी म्हणत नाही. ज्याच्या हवाली लेथ करावयाचा, त्याला २५ मिलिमीटरच्या एच-७ छिद्रास उणे बाजूस मुळीच मुभा नसून अधिक बाजूस केवळ ०.०२१ मिलिमीटरची आहे, हे कोष्टकात पाहून समजलेच पाहिजे. परंतु पुष्कळ भरतीपरीक्षांत प्रश्न येतात ते हौदाच्या तोट्यांचे, समोरासमोर धावणाऱ्या आगगाड्यांचे आणि चक्रवाढ व्याजाचे; तेही कित्येकदा इंग्रजीत, त्यामुळे मराठी शाळेतून आलेल्या मुलाचे गणित तपासण्यापूर्वीच त्याची इंग्रजी तपासली जाते.

आता मिलिंग मशिनवरचे एक साधे काम घ्या. बारा दात्यांचे चाक कापावयाचे आहे, आणि नेहमीच्या डिव्हायडिंग हेडचे हँडल चाळीस वेळा फिरवावे तेव्हा जॉबचा एक फेरा पुरा होतो. म्हणजे प्रत्येक दात्यास तीन पूर्णांक एक तृतीयांश फेरे. कॅल्क्युलेटर ३.३३३ दाखवून मोकळा होतो, पण इंडेक्स प्लेटवर दशांशस्थळे नसतात, भोके असतात. ज्याला एक तृतीयांश म्हणजेच अठरांपैकी सहा, हे सुचते, तोच अठरा भोकांच्या वर्तुळावर तीन फेरे आणि सहा भोके मोजून पुढे जातो. ज्या समाजाने पावकी, निमकी, दिडकी आणि औटकी लहान मुलांकडून मुखोद्गत करून घेतली, त्याने अपूर्णांकास कनिष्ठ विद्या मानावे, याचा मला मनापासून खेद वाटतो.

तीच गोष्ट अंदाजाची. ५० मिलिमीटर व्यासाच्या पोलादी दांड्यासाठी मिनिटास २५ मीटर कर्तनवेग धरला, तर मिनिटास सुमारे १५९ फेरे येतात. दशांशचिन्ह चुकून १५९० आले असता जो थबकतो आणि पुन्हा हिशेब करतो, तो कामाचा माणूस. पर्यायी उत्तरांवर खूण करवून घेणाऱ्या परीक्षेला हे थबकणे दिसतच नाही. त्याकरिता कच्च्या हिशेबाचा कागदच तपासावा लागतो.

परीक्षेचा कामाशी संबंध असावा, हा आग्रह केवळ माझा नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातील ड्यूक पॉवर कंपनीने सामान्य बुद्धिमापन आणि यांत्रिक आकलन यांच्या चाचण्या लावल्या, त्यांनी कृष्णवर्णीय कामगारांची वाट अडवली. १९७१ साली याच प्रकरणातील ग्रिग्ज खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरविले, की अशा चाचणीचा त्या कामाशी संबंध मालकाने दाखवून दिला पाहिजे, हेतू वाईट नव्हता एवढे सांगणे पुरेसे नाही. हे तत्त्व आपणही स्वीकारावे, असे मला वाटते.

म्हणून माझी सूचना अशी, की परिषदेने एक समिती नेमून नमुना प्रश्नपत्रिका मराठीत तयार करवाव्यात, उमेदवारास ड्रॉइंग व कोष्टके हाती द्यावीत, आणि प्रत्येक प्रश्नाशेजारी तो कोणत्या यंत्रावर, कोणत्या कामी लागतो, याची नोंद असावी. जेथे अशी नोंद करता येणार नाही, तो प्रश्न गाळावा. उद्याच्या सत्रात याच आशयाचा ठराव मी आपल्यापुढे मांडणार आहे.