दाढी केली की मान जळते? आधी उलटा हात थांबवा

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागातलं बोलणं इथे जवळपास जसंच्या तसं दिलं आहे.)

मी बोलतोय पिपरी मेघेमधून. पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना सांगतो, हे वर्ध्याला अगदी लागून आहे. आमच्या आजूबाजूला सावंगी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे असे बरेच मेघे आहेत, त्यातलं आमचं पिपरी. मागे कूलरचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या. मे महिना आहे, पारा पंचेचाळीसच्या घरात आहे आणि कूलर बंद केला तर हा भाग पूर्ण होणार नाही.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमुळे ठरला. माझा मावसभाऊ सध्या ट्रेनिंगला आहे, वर्दीची नोकरी लागली आहे त्याला. तिथे रोज सकाळी क्लीन शेव्ह लागते. गेल्या आठवड्यात त्याची नोट आली, "दादा, मान पूर्ण लाल झाली आहे, कॉलर लागली तरी जळते. मित्रानं एक ट्यूब दिली आहे, लावू का?"

ट्यूब म्हटल्यावर मी लगेच फोन लावला, कारण मी हेच केलं होतं. आज ते सगळं सांगणार आहे.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्लेसमेंट सुरू झाल्या. आम्हाला सांगितलं होतं, इंटरव्ह्यूला यायचं तर दाढी गुळगुळीत पाहिजे. माझे दाढीचे केस राठ आणि जरा कुरळे. सकाळी एकदा दाढी केली तरी संध्याकाळी हाताला खरखर लागायची. मग मी काय करायचो, आधी सुलटा हात मारायचो, मग उलटा, मग परत साबण लावून उलटा. रेझर तीन पात्यांचं. गाल काचेसारखे व्हायचे. आणि दोन दिवसांनी मानेवर, जबड्याखाली लाल पुटकुळ्या.

नोकरी लागली, त्या पुटकुळ्या काही गेल्या नाहीत. घरून काम होतं, दिवसभर व्हिडिओ कॉल. मी कॅमेरा बंद ठेवायला लागलो. मॅनेजरला सांगायचो, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे. पिपरीत नेटवर्क जातंच, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. पण खरं कारण मान होती.

मग एका मेडिकलमधून क्रीम आणलं. चिठ्ठी नाही, काही नाही, नुसतं मान दाखवली आणि ट्यूब मिळाली. चार दिवसांत चेहरा साफ! मला वाटलं, सुटलो. ते क्रीम मी सात महिने लावलं. मधे बंद केलं की तोंड लाल व्हायचं, आग व्हायची, म्हणून परत लावायचो. शेवटी उन्हात दहा मिनिटं उभं राहता येईना. गालावर बारीक लाल रेघा दिसायला लागल्या. एक दिवस आई म्हणाली, "तोंडाले काय लावून घेतलं रे हे? म्हाताऱ्या माणसासारखी कातडी झाली."

तेव्हा कुठे मी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, काय काय लावतोस ते सगळं घेऊन ये. मी पिशवी भरून घेऊन गेलो. त्यांनी त्यातली ती एक ट्यूब बाजूला काढली आणि मागचं बारीक अक्षर मला वाचायला लावलं. स्टेरॉइड.

इथे एक मिनिट थांबू या, कारण हा भाग फक्त दाढीचा नाही. स्टेरॉइड क्रीम हे वाईट औषध नाही. योग्य आजारावर, योग्य जागी, ठराविक दिवस, डॉक्टर देतात तेव्हा ते कामाचंच आहे. पण चेहऱ्याची कातडी पातळ असते आणि महिनोन्महिने लावलं तर ती अजून पातळ होते. शिरा दिसायला लागतात, मुरुम येतात, आणि बंद केलं की आग उसळते. म्हणजे चेहऱ्याला त्याची सवय लागते. आणि मी एकटाच असा नव्हतो. २०११ साली भारतातल्या १२ केंद्रांवर त्वचारोग डॉक्टरांनी केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ लोकांमध्ये ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. म्हणजे साधारण सातातला एक. पुढे २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी १४ स्टेरॉइड 'शेड्यूल एच'मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी ती मिळतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

म्हणून एक काम करा. घरात जी ट्यूब असेल ती उलटी करून वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, यातलं काही लिहिलेलं असेल आणि कोणत्याही डॉक्टरनं तुमच्या चेहऱ्यासाठी दिलेलं नसेल, तर सुरूच करू नका. आणि बरेच महिने लावत असाल तर स्वतःच्या मनानं एकदम बंद न करता डॉक्टरांकडे जा. बंद केल्यावर जो त्रास होतो तो सांभाळावा लागतो.

बरं, आता मूळ प्रश्न. या पुटकुळ्या येतातच का?

डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. दाढीचा केस वाकडा असेल तर कापल्यावर त्याचं टोक तिरकं आणि टोकदार होतं. तो वाढताना वळतो आणि परत कातडीत घुसतो. शरीराला वाटतं, काहीतरी बाहेरचं आत शिरलं. मग सूज, लाली, कधी पू. याचं मोठं नाव आहे स्युडोफॉलिक्युलायटिस बार्बी. नाव विसरा, चित्र लक्षात ठेवा.

आता जास्त पात्यांचं रेझर काय करतं? पहिलं पातं केसाला धरून थोडं वर ओढतं, मागचं पातं तो कापतं, आणि सुटलेला केस मागे सरकून कातडीच्या पातळीखाली जातो. म्हणून हाताला इतकं गुळगुळीत लागतं. पण तो केस आता आतून वाढणार, आणि वाकडा असेल तर बाहेर यायच्या आधीच बाजूला भोक पाडणार. उलटा हात मारला, कातडी ताणून धरली, तरी हेच होतं. म्हणजे ज्या गुळगुळीतपणासाठी मी एवढी मेहनत घेत होतो, तोच माझा आजार होता. मी क्रीम बदलत होतो, आफ्टरशेव्ह बदलत होतो, ब्रँड बदलत होतो. दाढी किती खोल करायची, हे मात्र एकदाही बदललं नाही.

गंमत म्हणजे आमच्या चौकातल्या सलूनवाल्या काकांनी हे मला आधीच सांगितलं होतं. दर वेळी विचारायचे, "उलटा मारू काय?" मी म्हणायचो, हो मारा. एकदा ते म्हणाले, "बाबू, तुह्या मानेले उलटा सहन नाही होत. सुलट्यावर सोडून देत जाय." मी ऐकलं नाही. बीटेक केलं होतं ना!

तर आता मी काय करतो ते सांगतो. आधी डॉक्टरांनी चार आठवडे पातं पूर्ण बंद केलं. फक्त ट्रिमर, तोही कातडीला न घासता. आत अडकलेले केस वाढून बाहेर आले. सुई किंवा चिमट्यानं ते उपटायचे नाहीत, डाग राहतात. मग मी पुन्हा दाढी सुरू केली आणि ऑफिसमध्ये बग शोधतो तसं केलं. दर दोन आठवड्यांनी एकच गोष्ट बदलायची आणि फोनवर मानेचा फोटो काढून ठेवायचा. सगळं एकदम बदललं तर फरक कशानं पडला ते कळत नाही.

पहिला बदल, दाढीची वेळ. मी सकाळी दाढी करून लगेच बाईकवर निघायचो. उन्हासाठी तोंडाला दुपट्टा बांधलेला, वर हेल्मेटचा पट्टा, खाली घाम. नुकत्याच पातं फिरलेल्या कातडीवर हे सगळं घासतंय. आता मी रात्री अंघोळीनंतर दाढी करतो. कातडीला सकाळपर्यंत वेळ मिळतो. मला सगळ्यात मोठा फरक यानं पडला, आणि खर्च शून्य.

दुसरा बदल, पाणी. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, बादलीला आणि नळाच्या तोटीला पांढरा थर बसतो. अशा जड पाण्यात साबणाचा फेस नीट होत नाही आणि साबणाचा चिकट थर कातडीवर राहतो. मी प्यायच्या पाण्यातलं एक मगभर पाणी दाढीसाठी बाजूला काढतो. थोडं कोमट करतो. तेवढं पुरतं.

तिसरा, थांबणं. कोरडा केस कडक असतो. पाणी आणि क्रीम लावून दोन-तीन मिनिटं थांबलं की तो फुगून मऊ होतो, पातं ओढावं लागत नाही. अंघोळीचा साबण दाढीला वापरू नका, तो कातडी कोरडी करतो. बिनवासाचं साधं शेव्हिंग क्रीम किंवा जेल घ्या.

चौथा, दिशा. दोन-तीन दिवस दाढी वाढू द्या आणि बोट फिरवून बघा. जिकडे बोट सहज जातं ती सुलट दिशा. गालावर बहुतेक वरून खाली असते, पण मानेवर भलतीच निघते. माझ्या डाव्या बाजूचे केस कानाकडे आडवे जातात, हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं. इतकी वर्षं मी तिथे उलटाच मारत होतो. आता सुलटा, हलका हात, एकदाच. कातडी ताणायची नाही, दाबायचं नाही, दोन-तीन वेळा फिरवलं की पातं धुवायचं. थोडी खरखर राहिली तर राहू द्यायची.

पाचवा, पातं. मी बाबांसारखं एका पात्याचं सेफ्टी रेझर घेतलं. सुरुवातीला एक-दोनदा कापेल, सांभाळून. एक पातं पाच ते सात दाढ्यांपर्यंत, मग बदलायचं. रेझर धुवून कोरड्या जागी ठेवायचं. आणि ते कोणालाही द्यायचं नाही, होस्टेलवाल्यांनो! रक्तातून पसरणारे आजार आहेत, हेपटायटिस बी त्यातलाच. सलूनमध्ये गेलात तर वस्तऱ्यात नवीन अर्धं पातं डोळ्यांसमोर घालायला सांगा. त्यात लाजायचं काही नाही.

शेवटचं, दाढीनंतर. थंड पाणी, टॉवेलनं टिपून घ्यायचं, घासायचं नाही, मग बिनवासाचं मॉइश्चरायझर. झोंबणारं आफ्टरशेव्ह मी सोडलं. झोंबतं म्हणजे जंतू मरतायत, असं आपल्याला वाटतं. त्यातलं अल्कोहोल कातडी कोरडी करतं. तुरटीनं रक्त थांबतं हे खरं, पण ती कातडी आवळते. कापलं तिथे लावा आणि धुऊन टाका, पूर्ण तोंडाला घासू नका. आणि लिंबू तर अजिबात नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर काळे चट्टे पडतात.

आता डॉक्टरांकडे कधी जायचं? पू होतोय, ठणकतंय, गोल कड असलेला चट्टा पसरतोय आणि खाजतोय, किंवा महिनाभर हे सगळं करूनही फरक नाही, तर जा. तो गोल चट्टा गजकर्ण असू शकतो. स्टेरॉइडनं त्याची खाज दबते आणि तो आतल्या आत पसरत राहतो. वर्ध्याच्या मुलांना सोय आहे, सेवाग्रामला आणि सावंगीला दोन्हीकडे मेडिकल कॉलेजचे दवाखाने आहेत, त्वचेची ओपीडी आहे. बाकी जिल्ह्यांतल्यांनी जवळचं सरकारी रुग्णालय बघा. ज्यांना फारच त्रास आहे त्यांना लावायची औषधं आहेत, लेझरनं केस कमी करता येतात. पण ते डॉक्टर ठरवतील.

राहिला माझा मावसभाऊ. त्याला रात्री दाढी करून चालत नाही, सकाळी तपासणी असते. आणि "खरखर राहू दे" हेही त्याला म्हणता येत नाही. त्याला मी सांगितलं, ट्यूब परत दे. रात्री ट्रिमर मारून ठेव, म्हणजे सकाळी पात्याला काम कमी. सकाळी एकच सुलटा हात. आणि हे करूनही मान पेटत असेल तर लपवू नको, तिथल्याच डॉक्टरांना दाखव. अमेरिकेच्या सैन्यात हा त्रास कृष्णवर्णीय जवानांमध्ये इतका आहे की तिथे डॉक्टरच्या कागदावर दाढी न करण्याची सूट मिळत आली आहे. तुझ्याकडे काय नियम आहे ते विचारून घे. विचारल्यानं नोकरी जात नाही.

तो म्हणाला, "दादा, मला वाटलं, मुलगा असून स्किनचं काय सांगायचं डॉक्टरला."

मला पण हेच वाटायचं. म्हणून सात महिने गेले. माझ्या गालावरच्या दोन रेघा अजून आहेत, त्या बहुतेक राहतीलच. कॅमेरा मात्र आता चालू असतो.

तर आज एवढंच. आज रात्री बोट फिरवून आपल्या केसांची दिशा बघा आणि घरातली ट्यूब उलटी करून वाचा. होस्टेलवर ट्यूब फिरवणारा कोणी मित्र असेल तर त्याला हा भाग पाठवा. तुमचे अनुभव व्हॉइस नोटवर पाठवा, नाव घेणार नाही, वचन. भेटू पुढच्या भागात. पाणी पीत राहा, ऊन लई आहे राजेहो!