उच्चाराच्या क्रमाने टायपिंग

ताडोब्याच्या प्रवेशद्वाराशी वसलेल्या मोहर्लीचं नाव टाइप करून पाहा. रेमिंग्टन कळफलकावर रफार अक्षरानंतर द्यावा लागतो. इनस्क्रिप्टवर मात्र उच्चाराचाच क्रम: म, ओकार, ह, र, हलन्त, ल, दीर्घ वेलांटी. ७ कळा, शिफ्ट एकदाही नाही!

भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रमाणित केलेल्या या रचनेत स्वर डावीकडे, बहुतेक व्यंजनं उजवीकडे आहेत. विंडोज, लिनक्समध्ये भाषेच्या सेटिंगमधून ती विनामूल्य निवडता येते. तेलुगूतही त्याच ध्वनीला बहुधा तीच कळ. म्हणून सिरोंच्यासारख्या सीमाभागात एक सराव दोन भाषांना उपयोगी पडतो. सुरुवातीला वेग मंदावेल. तरी रोज एक परिच्छेद टाइप करा. बोटांना जागा नक्की पाठ होतील.